मदत हवी आहे: ३ लाखांची एफडी सुटतेय, पहिल्यांदाच शेअर घ्यायचे आहेत

नमस्कार मंडळी,

मी चाकणला ऑटो पार्टच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला भोसरीत. वय ३२. घरी आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. पुढच्या महिन्यात ३ लाखांची एफडी सुटतेय आणि ती परत एफडीत टाकायची इच्छा नाही. शेअर मार्केटमध्ये आजवर एक रुपयाही टाकलेला नाही.

सल्ले भरपूर मिळतायत. मेहुणा म्हणतो ऑप्शन (शेअरचा भाव पुढे वर जाईल की खाली यावरचे सौदे) कर, रोजचे हजार-दोन हजार कुठे गेले नाहीत. शिफ्टमधल्या एकाने टेलिग्रामच्या ग्रुपात घेतलंय, तिथे एक 'सर' सकाळी सव्वानऊच्या आत कॉल देतात. सासरे म्हणतात पोस्टात टाक. आई म्हणते मुलगी आहे, सोनं घे.

मला वाटतं, गाड्यांच्या धंद्यातलं मला थोडंफार कळतं. कुठल्या कंपनीचा माल चांगला, कोणाची ऑर्डर वाढतेय हे रोज दिसतं. मग ऑटोचेच दोन-तीन चांगले शेअर घेऊन ठेवावेत का? डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) कुठे काढू? आणि ३ लाख एकदम लावू की थोडे थोडे? जाणकारांनी कृपया सांगा. इंग्रजीत व्हिडिओ खूप बघितले, डोकं आणखी फिरलं.

नारायणपेठी

कुठला शेअर हे नंतर. आधी एवढं सांगा: हे पैसे कशासाठी लागणार आहेत का, आणि कधी? डोक्यावर कर्ज किती? घरात मेडिक्लेम कोणाकोणाचा आहे? याची उत्तरं न घेता जो तुम्हाला शेअरचं नाव सांगेल त्याच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. त्यात मीही आलो.

धागाकर्ता

काका, मोशीला वन बीएचके बघतोय. तीनेक वर्षांत बुकिंग करायचा विचार आहे, तेव्हा यातले दीड-दोन लाख लागतील. कर्ज म्हणाल तर गाडीचा हप्ता, तो दिवाळीपर्यंत संपेल. मेडिक्लेम कंपनीचा आहे, त्यात मी, बायको, मुलगी. आई नाही.

शिल्पा_कर्वेनगर

मग तुमच्याकडे ३ लाख नाहीतच, दादा. घराचे दोन बाजूला काढा. राहिला एक लाख. आईच्या नावाचा मेडिक्लेम नाही, म्हणजे त्यातूनही निदान निम्मे अडीनडीला हाताशी हवेत.

तीन वर्षांत लागणारे पैसे शेअरमध्ये का नकोत, याला आकडेच बघा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो ८,००० च्या आसपास आला. परत २१,००० दिसले २०१० च्या दिवाळीत, पण तिथे टिकले नाहीत. तो टप्पा ओलांडायला २०१३ ची दिवाळी उजाडली. आता समजा २००८ च्या सुरुवातीला एखाद्याने फ्लॅटचे पैसे लावले आणि २०११ मध्ये बिल्डरने हप्ता मागितला. त्याने काय करायचं होतं? उलट उदाहरणही आहे. २३ मार्च २०२० ला एका दिवसात १३ टक्के पडून सेन्सेक्स २६,००० च्या खाली गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पडझडीआधीच्या उंचीच्या वर होता. एकदा जवळपास सहा वर्षं, एकदा साधारण दहा महिने. पुढच्या वेळी यातलं कुठलं होईल हे त्या टेलिग्रामवाल्या सरांनाही माहीत नाही.

घराचे पैसे एफडीतच ठेवा, व्याज कमी वाटलं तरी. बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो, शेअरला नसतो. सासऱ्यांचं पोस्टसुद्धा या पैशापुरतं वाईट नाही.

उरलेल्या पन्नासएक हजारांतून आणि पुढे पगारातून दर महिन्याला जे जमेल त्यातून निफ्टी ५० (देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) चा साधा इंडेक्स फंड, म्हणजे त्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड घ्या, डायरेक्ट प्लॅन, म्हणजे एजंटाच्या कमिशनशिवायचा. पन्नास कंपन्या एकदम येतात. माझं तर म्हणणं, वेगळे शेअर घ्यायचीच गरज नाही.

बावधनचा_बंड्या

+१. बाकी मेहुण्याकडे मागच्या वर्षीचं टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचं) स्टेटमेंट मागा, ब्रोकरच्या ॲपमध्ये मिळतं. रोजचे हजार-दोन हजार त्यात दिसले तर मलाही पाठवा, मीही नोकरी सोडतो.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिलाय. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. जिंकलेले आपल्याला चहाच्या टपरीवर भेटतात, बाकीचे गप्प बसतात.

चिंचवडकर_निवृत्त

मी ऑटोच्या धंद्यातूनच निवृत्त झालो, म्हणून तुमच्या त्या मुद्द्याबद्दल लिहितो. बाकीच्यांनी तो सोडूनच दिला.

गाड्यांचं कळतं म्हणून गाड्यांचे शेअर, हा विचार ऐकायला बरोबर वाटतो. पण तुमचा पगार कुठून येतो? गाड्यांतूनच. ओव्हरटाइम, बोनस, पगारवाढीचा करार, सगळं गाड्यांच्या खपावर. २०१९ ची मंदी आठवते का? पिंपरी, भोसरी, चाकण सगळीकडे ब्लॉक क्लोजर (काही दिवस कारखाना बंद) लागत होते, आठवड्यातले दिवस कमी होत होते, कंत्राटी मुलांना तर घरीच पाठवलं. त्याच काळात ऑटोचे शेअरही आपटले होते. म्हणजे ज्या महिन्यात पगार कमी येणार, त्याच महिन्यात साठवलेलंही कमी झालेलं असणार, आणि हप्त्यासाठी तेच पडत्या भावात विकायची वेळ येणार. मोशीतलं घरसुद्धा याच पट्ट्यातलं. अख्खा संसार एका टायरवर कशाला चालवता? औषधं, बँका, साबण-तेल, वीज, यांत काय वाईट आहे? शिल्पाताईंचा इंडेक्स फंड त्यासाठीच बरा, त्यात सगळं थोडं थोडं येतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुमची कंपनी, किंवा तुम्ही ज्यांना माल देता ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे का? असेल तर लाइनवर कळलेली बातमी, म्हणजे नवीन मॉडेलची ऑर्डर मिळाली, किंवा मोठा लॉट रिजेक्ट झाला, ही बाहेर जाहीर व्हायच्या आत तिच्यावर शेअर घेणं-विकणं हा गुन्हा आहे. इनसायडर ट्रेडिंगचे सेबीचे नियम २०१५ चे आहेत आणि ते फक्त मोठ्या साहेबांना लागू नाहीत. ज्याच्याकडे आतली माहिती आहे तो त्यात आला. नोंदलेल्या कंपन्यांत ठरावीक लोकांना तिमाही संपल्यापासून निकाल लागून ४८ तास होईपर्यंत आपल्या कंपनीचा शेअर घेताच येत नाही. तुम्ही त्या यादीत आहात का, हे एचआरला विचारून घ्या. 'ऑर्डर वाढतेय हे रोज दिसतं' असं तुम्ही लिहिलंय, ते वाचूनच हे लिहावंसं वाटलं.

तरीही मी शिल्पाताईंशी पूर्ण सहमत नाही. एखाद-दुसरा शेअर जरूर घ्या. पाच-सात हजारांचा. कमाईसाठी नाही, शिकण्यासाठी. स्वतःचे पैसे अडकल्याशिवाय कोणी वार्षिक अहवाल उघडत नाही. मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर प्रत्येक कंपनीचे अहवाल फुकट आहेत. सगळा वाचू नका, नुसतं एवढं बघा: कर्ज वाढतंय की कमी होतंय, नफा दाखवलाय तितकी रोकड खरंच हातात येतेय का, आणि प्रवर्तकांनी (कंपनीच्या मूळ मालकांनी) आपले शेअर गहाण ठेवलेत का. क्वालिटीवाल्याला रिपोर्टमधली गडबड हुंगायची सवय असतेच. एक शेअर असला तरी तुम्ही भागधारक. वार्षिक सभेचं बोलावणं येतं, आणि हल्ली बऱ्याच सभा व्हिडिओवर असतात, भोसरीतून बसून ऐका.

अवांतर: पुण्याला स्वतःचा शेअर बाजार होता. १९८२ चा. सदाशिव पेठेत शिवलीला चेंबर्समध्ये. त्या काळी शेअर म्हणजे कागद. विकल्यावर सही जुळत नाही म्हणून परत यायचे. आता आज विकलेत तर उद्या पैसे, इतकं सोपं झालंय. सोपं झालं म्हणूनच लोक दिवसाला चार वेळा घेतात-विकतात.

हिशेबनीस

खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून. 'झिरो ब्रोकरेज' म्हणजे फुकट नव्हे. डिलिव्हरीत (म्हणजे त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवायला) १०,००० चे शेअर घेतलेत तर एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) १० रुपये आणि स्टँप ड्यूटी दीड रुपया. विकतानाही एसटीटी तेवढाच. वर विकताना डीपी चार्ज (डीमॅटमधून शेअर काढायचा आकार) लागतो, साधारण १५-२० रुपये, ब्रोकरगणिक वेगळा. गंमत अशी की तो कंपनीमागे दिवसाला एकदा लागतो, किती शेअर विकले याच्याशी संबंध नाही. तीनशे रुपयांचा एक शेअर विकलात तरी तेवढाच. म्हणून चिंचवडकर काकांचे पाच-सात हजार वीस कंपन्यांत वाटू नका.

डीमॅटला वर्षाची फी असते. होल्डिंग ४ लाखांच्या आत असेल आणि एकच डीमॅट असेल तर बेसिक सर्व्हिसेस (छोट्या गुंतवणूकदारांसाठीच्या) खात्याला ती शून्य आहे, खातं उघडताना हे स्पष्ट विचारा. कुठे काढू म्हणाल तर सेबीकडे नोंदणी असलेला कुठलाही मोठा ब्रोकर किंवा तुमची बँक चालेल. फॉर्म भरताना फ्युचर-ऑप्शनची टिक करू नका. मेहुण्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

टॅक्स: १२ महिन्यांच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के. त्यानंतर विकलेत तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला काही नाही, वरच्यावर १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. जुने व्हिडिओ अजून १५ आणि १० सांगतात. डिव्हिडंड तुमच्या पगारात मिळवला जातो आणि तुमच्या स्लॅबने कर लागतो. तोटा झाला तरी रिटर्न वेळेत भरा, तो पुढची आठ वर्षं ओढता येतो. उशिरा भरलंत की गेला.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. कंपनीत विचारतो. आमची नोंदलेली नाही, पण ज्यांना माल जातो त्या दोन्ही आहेत.

एक राहिलं. त्या ग्रुपातले सर आता म्हणतायत की त्यांचं वेगळं ॲप डाउनलोड करा, त्यात आयपीओचे (कंपनी पहिल्यांदा बाजारात विकते ते) शेअर हमखास मिळतात, 'इन्स्टिट्यूशनल कोटा' आहे. मित्राने २० हजार टाकले, ॲपमध्ये ३१ हजार दिसतायत.

बावधनचा_बंड्या

मित्राला आजच्या आज सगळे ३१ हजार काढायला सांगा. काढताना 'आधी टॅक्स भरा' किंवा 'प्रोसेसिंग फी भरा' असं आलं की समजा गेले. मग वाट न बघता १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन. जितका लवकर फोन, तितकी खातं गोठवून पैसे अडवायची शक्यता जास्त.

हिशेबनीस

सामान्य माणसाला इन्स्टिट्यूशनल (बँका, फंड अशा संस्थांच्या) कोट्यातून शेअर मिळायची सोयच नाही. रिटेलमध्ये २ लाखांपर्यंत अर्ज, पैसे आपल्याच बँक खात्यात नुसते ब्लॉक होतात, मागणी जास्त आली की सोडत. लागले तर कापले जातात, नाहीतर मोकळे. यात मधल्या कोणाला पैसे पाठवायचा प्रश्नच येत नाही.

त्या मित्राने पैसे कोणाच्या खात्यावर पाठवले ते बघा. एखाद्या ट्रेडर्स किंवा एंटरप्रायझेसच्या करंट खात्यावर गेले असतील तर विषय संपला. खरे शेअर असतील तर सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे (देशातले सगळे डीमॅट शेअर या दोन संस्थांकडेच असतात) दिसतातच, आणि डीमॅटमध्ये व्यवहार झाला की पॅनवरचं एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर येतं. ॲपमध्ये काय दिसतं याला काही अर्थ नाही, आकडा कोणालाही रंगवता येतो. जो सल्ला देतो त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या साइटवर स्वतः जाऊन नाव-क्रमांक जुळवा, त्याने पाठवलेल्या लिंकवर नाही.

धागाकर्ता

मित्राला सांगितलं, तो आधी चिडला. आता 'विथड्रॉवलसाठी ६ हजार भरा' असं आलंय. १९३० ला लावतोय.

बायको विचारतेय, खातं तिच्या नावावर काढलं तर टॅक्स वाचेल का? ती शिवणकाम करते, कमाई थोडी आहे.

शिल्पा_कर्वेनगर

मित्राला अजून एक रुपयाही भरू देऊ नका, ते सहा हजारही परत येणार नाहीत. चॅट आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, ग्रुप सोडायच्या आधी.

वहिनींबद्दल: तुम्ही दिलेल्या पैशातून त्यांनी घेतलं तर नफा तुमच्याच उत्पन्नात धरतात. त्यांच्या शिवणकामाच्या पैशातून घेतलं तर तो त्यांचा. त्यामुळे दोन खाती ठेवा, पैसे मिसळू नका. आणि त्यांच्या खात्याचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येऊ द्या.

नारायणपेठी

नॉमिनी दोन्ही खात्यांत भरा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे शेअरच्या बाबतीत स्पष्ट केलंय, शेवटी वारसा कायदा किंवा मृत्युपत्रच चालतं. आई, बायको, मुलगी तिघी आहेत तेव्हा साध्या कागदावर का होईना, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र करून ठेवा. नोंदणी सक्तीची नाही.

आणि आईच्या मेडिक्लेमचं काय झालं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.