आरसीवर नुसतं पेट्रोल (सोसायटी ग्रुप, वडगाव बुद्रुक, पुणे)

*गोखले (ए-५०२), ८:०४*
कुणाच्या ओळखीचा आरटीओ एजंट आहे का? तातडीचं आहे. गुरुवारी नवले पुलाजवळ ट्रकने मागून ठोकलं, ते सगळ्यांना माहीतच आहे. यांना काही लागलं नाही, देवाची कृपा. काल विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, डिकी कशीबशी उघडली, टॉर्च मारून सिलिंडर पाहिला आणि पहिलंच विचारलं, "आरसीवर सीएनजी कुठाय?" आरसीवर नुसतं पेट्रोल! किट बसवणारा म्हणाला होता, "कागदांचं आम्ही बघतो, तुम्ही निर्धास्त राहा." आता फोन उचलत नाही.

*शिंदे सेक्रेटरी, ८:१०*
वहिनी, काही मदत लागली तर हक्काने सांगा 🙏

*पाटील (सी-२०२), ८:११*
व्हिजिटर पार्किंगचे पट्टे कधी मारणार? मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं.

*बापट काका (बी-१०१), ८:१९*
वहिनी, पॉलिसीचं पहिलं पान काढा. आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ओळीत "सीएनजी/एलपीजी किट" असा रकाना असतो. त्यात काय लिहिलंय?

*गोखले, ८:२३*
शून्य.

*बापट काका, ८:३१*
मग कंपनीच्या लेखी तुमच्या गाडीत किटच नाही. किटचे पैसे गेले असं धरून चाला. बाकीच्या नुकसानीसाठी मात्र भांडायला जागा आहे. ट्रकने मागून ठोकलं, त्यात किटचा काय संबंध? हे असंच लेखी मांडा. आता घाईने एंडॉर्समेंट (पॉलिसीवर बदलाची नोंद) करून मागची तारीख मिळणार नाही, त्या नादी लागू नका.

सगळ्यांनी वाचा: किट बसवलं की आधी आरटीओत आरसीवर नोंद, मग त्या आरसीची प्रत जोडून कंपनीला *लेखी* कळवायचं आणि पॉलिसीवर एंडॉर्समेंट करून घ्यायची. बहुतेक कंपन्या अजून जुन्या टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचे) ६० रुपये घेतात, वर जीएसटी. ५०,००० चं किट असेल तर २,०६० रुपये आणि जीएसटी. एवढ्यासाठी लाखाचा क्लेम अडकवू नका.

*कुलकर्णी (बी-३०३), ८:३५*
काका, आम्ही एजंटला फोनवर सांगितलं होतं. तेवढं पुरे ना?

*बापट काका, ८:३६*
नाही. लेखी कळवा.

*निखिल (सी-४०३), ८:४०*
कंपन्यांना पैसे वाचवायला निमित्तच हवं असतं. प्रीमियम घेताना डिकी उघडून बघतात का कधी?

*बापट काका, ८:४४*
रिन्यूअलच्या फॉर्ममध्ये विचारतात. आपण न वाचता पुढे जातो. आणि निखिल, तुझ्या गाडीला अलॉय चाकं आहेत, दिवे बदललेत, सायलेन्सर बदललाय. यातलं काय कळवलंस?

*निखिल, ८:४५*
आलात शेवटी सायलेन्सरवर.

*सौ. जोशी (सी-३०३), ८:४७*
येणारच! रात्री साडेअकराला सासूबाई दचकून उठतात. दहादा सांगून झालं.

*निखिल, ८:४८*
काकू, सकाळी सहाला तुमचा मिक्सर सुरू होतो. मी ग्रुपवर कधी टाकलं नाही.

*शिंदे सेक्रेटरी, ८:४९*
कृपया विषयाला धरून बोलू या.

*पाटील (सी-२०२), ८:५०*
विषय पार्किंगचाच आहे. पट्टे?

*बापट काका, ९:०५*
निखिल, रागावू नकोस, तुझ्या काळजीपोटी लिहितोय. अलॉय, म्युझिक सिस्टीम या ॲक्सेसरीज झाल्या. किंमत सांगून पॉलिसीत घालता येतात. न सांगता बसवल्या आणि चोरीला गेल्या तर भरपाई नाही. दिव्यांसाठी गाडीचं मूळ वायरिंग कापलं असेल आणि शॉर्टसर्किटने आग लागली, तर सर्व्हेअर आधी तो जोड शोधतो. काळ्या टेपने गुंडाळलेली वायर मी स्वतः कितीतरी बॉनेटखाली पाहिली आहे.

सायलेन्सरची गोष्ट वेगळी. तो कंपनीला कळवून कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

*सौ. जोशी, ९:०६*
👏👏

*देशमुख (ए-१०३), ९:१२*
सगळे बदल एका मापाने मोजू नका हो. आमच्या ह्यांच्या गाडीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय आहे. आरटीओची रीतसर परवानगी घेतली, आरसीवर नोंद आहे. कंपनीला आरसी दाखवली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सवलत मिळाली. न कळवता गप्प बसलो असतो तर पैसेही जास्त गेले असते आणि वर धास्ती.

*बापट काका, ९:१४*
बरं झालं लिहिलंत. कळवल्याने फायदाही होतो, हे कुणी सांगत नाही. पुन्हा तेच: लेखी कळवा.

*शिंदे सेक्रेटरी, ९:२०*
बेसमेंटमध्ये सीएनजी गाड्या लावणाऱ्यांना विनंती. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी लागते. प्लेटवरची तारीख बघून ऑफिसमध्ये कळवा. आग लागली तर एकट्याचीच गाडी जळणार नाही.

*कुलकर्णी, ९:२२*
म्हणजे आता सोसायटी डिक्या तपासणार? मेंटेनन्स थकवणाऱ्यांचं आधी बघा.

*शिंदे सेक्रेटरी, ९:२३*
कुलकर्णी साहेब, त्या यादीबद्दल इथे नको. आपण समक्ष बोलू.

*गोखले, ९:३०*
बापटसाहेब, कंपनीने पूर्ण क्लेमच नाकारला तर?

*बापट काका, ९:३८*
नकार लेखी मागा, कारणासकट. कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही. शिवाय ट्रकच्या थर्ड पार्टी विम्यातूनही गाडीचं नुकसान मागता येतं, त्यासाठी पोलिसांचे कागद जपून ठेवा. एजंट शोधू नका. सोमवारी मी येतो तुमच्याबरोबर आरटीओत.

*गोखले, ९:४०*
फार आधार वाटला. किट बसवल्याची पावती आणि सर्टिफिकेट शोधून ठेवते.

*निखिल, ९:५२*
काका, मेलमध्ये नक्की काय लिहायचं? अलॉय आणि दिव्यांचं कळवतो. वायरिंगही दाखवून घेतो. सायलेन्सरचं बघतो.

*बापट काका, १०:०१*
"माझ्या अमुक क्रमांकाच्या गाडीत अमुक तारखेला पुढील बदल केले आहेत. बिलं आणि फोटो जोडले आहेत. पॉलिसीवर नोंद करून वाढीव प्रीमियम कळवावा." एवढंच. पोच आली की पॉलिसीबरोबर ठेव. सुधारित पॉलिसी हातात येईपर्यंत पाठ सोडू नकोस.

*सौ. जोशी, १०:०३*
सायलेन्सरचं "बघतो" म्हणजे कधी?

*निखिल, १०:०४*
रविवारी गॅरेजला नेतो, काकू.