एनएलआर ४ आला म्हणून धीर सोडू नका

वडिलांच्या रक्ततपासणीत (सीबीसी) न्यूट्रोफिल ७६, लिम्फोसाइट १९, म्हणजे या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर (एनएलआर) ४, आणि जठराच्या कर्करोगात हे जास्त असलं की आयुष्य कमी असं वाचून तुमची झोप उडालीय. संबंध खरा आहे, पण तो मोठ्या गटांच्या सरासरीतून दिसलेला आहे. दाढ सुजली, ऑपरेशन नुकतंच झालं, स्टेरॉइड चालू असलं, तरी न्यूट्रोफिल चढतात. माझ्या मावशीचं रक्त केमोआधीच्या डेक्सा या स्टेरॉइडनंतर दुसऱ्याच दिवशी घेतलं होतं. तो कागद हातात धरून आम्ही सगळे रात्रभर बसून होतो. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला!

त्यापेक्षा बायोप्सीच्या मेणातल्या ठोकळ्यावर एमएमआर (डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं), पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन), हर-२ (गाठ वाढवणारं प्रथिन) आणि जमल्यास ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) तपासलंय का ते डॉक्टरांना विचारा. एमएमआरची प्रथिनं गायब असतील तर डीएनएमधल्या चुका दुरुस्त होत नाहीत, त्या गाठीत साचतात आणि लिम्फोसाइटना गाठ परकी म्हणून ओळखू येते. ऑपरेशन होण्याजोग्या टप्प्यात अशा रुग्णांचं पुढचं सहसा बरं असतं. आजार पसरलेला असला तरी या गाठी इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांना, चांगली दाद देतात.

पीडी-एल१चा सीपीएस (हे प्रथिन किती आहे याचा गुणांक) ५ किंवा जास्त असेल तर तेही सांगा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चेकमेट ६४९ चाचणीत पसरलेल्या आजाराच्या अशा रुग्णांना केमोसोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्यावर जगण्याचा मध्यक ११.१ वरून १४.४ महिने झाला. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, हे आईलाही नीट समजावून सांगा.

ठोकळा पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो. या तपासण्यांसाठी उद्याच अर्ज द्या.