लिफ्टमध्ये आमच्या रॉटवायलरने शेजारच्या मुलाला चावा घेतला. आता काय करावे?

सातवा मजला (प्रश्न)

आम्ही पुण्याच्या एका उपनगरातील सोसायटीत राहतो. आमच्याकडे अडीच वर्षांचा, ४६ किलो वजनाचा रॉटवायलर जातीचा नर कुत्रा आहे. कुलदैवत खंडोबा, म्हणून त्याचे नाव मल्हार ठेवले. गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी त्याला फिरवायला खाली नेत असताना लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली आणि तिथला आठ वर्षांचा मुलगा आत आला. तो मल्हारला पिल्लू असल्यापासून ओळखतो. डोक्यावरचे स्केटिंगचे हेल्मेट न काढताच तो त्याच्या तोंडाजवळ वाकला, आणि मी पट्टा आखडता घेण्याच्या आतच मल्हारने त्याचा हात पकडला. क्षणभरच पकडला, पण कोपराच्या खाली दोन दात खोल रुतले होते आणि रक्त येत होते.

आम्ही त्याच्या आईसोबत लगेच रुग्णालयात गेलो. रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे इंजेक्शन दोन्ही झाले. मल्हारचे लसीकरण वेळच्या वेळी झालेले आहे. मात्र महापालिकेचा परवाना एकदाच काढला होता आणि त्याचे नूतनीकरण राहून गेले, हे येथे कबूल करते.

आता सोसायटीच्या समितीने पंधरा दिवसांत कुत्रा हलवण्याची नोटीस दिली आहे. सासरे म्हणतात की मुळशीकडे एका नातेवाइकांचे शेत आहे, तिथे त्याला राखणीला ठेवावे. मला सर्वांत अधिक छळणारा प्रश्न वेगळा आहे. मल्हार कधी गुरगुरतसुद्धा नाही. वर्षभराचा असताना तो वॉचमनवर आणि पाहुण्यांवर गुरगुरायचा, तेव्हा एका प्रशिक्षकाने चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) लावून झटके देण्यास सांगितले होते आणि तीन महिन्यांत ती सवय गेली. इतका शहाणा झालेला कुत्रा कोणताही इशारा न देता चावतो, तर त्याच्यावर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा?

पशुवैद्य, मिरज

आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात: ‘तीन महिन्यांत ती सवय गेली.’ गुरगुरणे हा कुत्र्याजवळचा सर्वांत स्पष्ट इशारा असतो. त्याला अनोळखी माणसाची भीती वाटत होती आणि तो ते सांगत होता. सांगितले की गळ्याला झटका बसतो एवढे त्याला कळले, म्हणून त्याने सांगणे सोडले. भीती होती तशीच राहिली. किंबहुना माणूस जवळ आला की गळा आवळला जातो, अशी सांगड बसल्याने ती वाढलीही असेल. चूल पेटती ठेवून धुराडे बुजवावे, तसे हे झाले.

तरीही इशारा अजिबात नसेल, असे मला वाटत नाही. आवाज बंद झाला तरी अंग बोलत राहते. कुत्र्याचे उघडे तोंड एकदम मिटणे, झोप नसताना जांभई, नाकावरून जीभ फिरवणे, मान दुसरीकडे वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणे, जेणेकरून डोळ्याचा पांढरा भाग कोरीसारखा दिसतो, आणि शेवटी सारे अंग लाकडासारखे ताठ होणे, यांतले काही त्या लिफ्टमध्ये दिसले होते का, हे आठवून पाहावे. लिफ्ट ही घाबरलेल्या कुत्र्यासाठी फार वाईट जागा आहे, कारण तिथे मागे सरकायला वाव नसतो. त्यात हेल्मेटमुळे ओळखीच्या मुलाचा आकार बदलला आणि वरून वाकणे हे कुत्र्याला दडपणाचेच वाटते.

आता करण्याच्या गोष्टी. पहिली म्हणजे मल्हारची शारीरिक तपासणी. रॉटवायलरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे विकार पुष्कळ आढळतात, आणि दुखणे अंगावर काढणारा कुत्रा स्पर्शाच्या नुसत्या शक्यतेनेही चिडतो. एक्स-रे, कान, दात, रक्त, सारे पाहून घ्यावे. चोक चेन आजच काढून टाकावी. खच्चीकरणाचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. त्याचे इतर फायदे आहेत, पण भीतीतून येणारा चावा त्याने थांबेलच असे समजू नये.

मझलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक मालक अडतात. मळणीच्या बैलाला मुसके बांधताना कोणाला काही वाटत नाही, पण कुत्र्याला मझल लावला की घराण्याची अब्रू गेली असे लोकांना वाटते. कापडी, तोंड आवळून धरणारा मझल घेऊ नये. कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो आणि त्या मझलमध्ये त्याला तोंडच उघडता येत नाही. जाळीचा, बास्केटसारखा मझल घ्यावा, ज्यात तो धाप टाकू शकतो आणि पाणी पिऊ शकतो. तो आणल्या दिवशीच बांधू नये. आतून दह्याचे बोट लावावे, त्याला स्वतःहून नाक घालू द्यावे, स्वतःहून काढू द्यावे. मझलचे बंद बांधण्याची वेळ काही दिवसांनी, कदाचित दोन आठवड्यांनी येईल. तोवर लिफ्टऐवजी जिना, आणि तोही वर्दळ नसलेल्या वेळी. पट्टा पाचसहा फुटांचा, न ताणला जाणारा असावा. ते बटण दाबून लांबणारे पट्टे ४६ किलोच्या कुत्र्यासाठी निरुपयोगी आहेत.

शेतावर पाठवण्याचा विचार कृपया करू नये. घाबरट कुत्रा साखळीला बांधला की त्याच्यापुढे पळण्याचा मार्ग उरत नाही, आणि तिथेही कोणाची तरी मुले असतातच. आपण धोका दूर करत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो.

औंधकर

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतील एका लॅब्रडॉरने माझ्या मुलीच्या पोटरीला चावा घेतला. ‘आमचा लॅब काही करत नाही हो’ हे वाक्य मी त्याआधी त्या मालकांकडून निदान शंभर वेळा ऐकले असेल. तेव्हा जातीवरून भिण्यात जसा अर्थ नाही, तसा जातीवरून निर्धास्त राहण्यातही नाही.

लसीच्या फेऱ्या संपल्या, जखम भरली. मला अजून टोचते ते मालकांचे पहिले वाक्य: ‘तिने नक्की काहीतरी केले असेल.’ मुलगी सायकलचे कुलूप काढत होती. ती आज तेरा वर्षांची आहे आणि अजूनही तळमजल्यावर कुत्र्याच्या पट्ट्याच्या कडीचा आवाज आला की जिन्यात थांबून राहते.

आपण मुलाच्या घरी गेला असालच. नसाल तर आजच जावे. खर्चाचा विषय त्यांनी काढण्याची वाट पाहू नये. आणि ‘तो मल्हारला ओळखतो’ हे त्यांच्यासमोर म्हणू नये. मुलाने वाकायला नको होते, हे खरे आहे. आम्हीही मुलीला विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावू नये, जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये, कुत्रा अंगावर आला तर न पळता हात जवळ घेऊन झाडासारखे उभे राहावे, हे शिकवले. पण ते आम्ही आमच्या मुलीला सांगायचे. पट्टा ज्याच्या हातात आहे, त्याने ते आम्हाला सांगायचे नसते.

सातवा मजला

दोघांचेही आभार. पशुवैद्यांचा प्रतिसाद वाचून मी ती लिफ्ट पुन्हा आठवून पाहिली. सातव्या मजल्यापासून मल्हार धापा टाकत होता आणि लहान लिफ्टमध्ये तो आवाज चांगलाच भरून राहतो. दार उघडले, मुलगा आत आला, आणि तो आवाज बंद झाला. त्याने तोंड मिटले होते. मी तेव्हा फोनवर दुधाचा हिशेब पाहत होते आणि ‘बरे झाले, शांत झाला’ असे मनात म्हटल्याचेही मला आठवते.

माजी सचिव

मी एका गृहनिर्माण संस्थेचा आठ वर्षे सचिव होतो आणि व्यवसायाने वकील आहे, म्हणून नोटिशीबद्दल लिहितो. संस्थेला ठराव करून सदस्याला कुत्रा पाळण्यास मनाई करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. लिफ्टचा वापरही सरसकट नाकारू नये, असे त्यांत म्हटले आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले होते आणि त्यात रॉटवायलर होता. समितीतील कोणीतरी त्याची प्रत नाचवेलच. ते परिपत्रक त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले गेले होते.

पण म्हणून आपण जिंकलात, असे समजू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते आणि दंड एक हजाराचा होता. हे कलम कागदावरच राहते असा समज आहे, तो चुकीचा आहे. मुंबईत २०१० साली एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावा घेतला, त्या प्रकरणात २०२३ साली दंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. तेरा वर्षे तारखा, आणि शेवटी शिक्षा! आपल्या बाबतीत यापूर्वी कुत्रा गुरगुरत होता, हे आपल्याला ठाऊक होते. न्यायालयात हाच मुद्दा आपल्याविरुद्ध जाईल. आणि आता एकदा चावल्यानंतर पुढच्या वेळी ‘कल्पना नव्हती’ म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

माझा सल्ला असा की नोटिशीला कायद्याचे उत्तर देण्याआधी समितीला एक पानाचे लेखी पत्र द्यावे: परवाना या आठवड्यात नव्याने काढत आहोत, लसीकरणाची प्रत सोबत आहे, घराबाहेर कुत्रा नेहमी पट्ट्यात आणि सराव होताच मझलमध्ये असेल, त्याला केवळ घरातील प्रौढ व्यक्तीच बाहेर नेईल, अमुक वेळांत लिफ्ट वापरणार नाही. मझलची सक्ती संस्था करू शकत नाही. आपण स्वतःहून ती स्वीकारली, तर निम्मे सदस्य तिथेच शांत होतात, असा माझा अनुभव आहे. कुत्र्याला कुठेतरी सोडून देणे हा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे घरच्यांनाही सांगावे.

लीड्सकर

इकडे ब्रिटनमध्ये उलट टोक आहे. १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्याने पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार जातींवर बंदी आली आणि २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली ही पाचवी जोडली गेली. १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय इंग्लंड-वेल्समध्ये तो बाळगणे गुन्हा आहे. त्यासाठी अर्ज, शुल्क, मायक्रोचिप, खच्चीकरण, विमा, आणि बाहेर मझल व पट्टा. तीस वर्षे बंदी असूनही चावे काही थांबले नाहीत, हे इथले पोस्टमन कोणालाही सांगतील. नेदरलँड्सने तर पिट बुलवरची बंदी २००८ साली मागे घेतली.

मला त्या कायद्यातले तिसरे कलम अधिक कामाचे वाटते. कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या ताब्याबाहेर गेला, अगदी स्वतःच्या घरातसुद्धा, तर मालक जबाबदार. कोणी जखमी झाल्यास पाच वर्षांपर्यंत आणि मृत्यू झाल्यास चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या गल्लीतल्या आजीबाई त्यांच्या टेरियरला मझल लावून फिरवतात, तो याच कलमामुळे.

पशुवैद्य, मिरज

एक राहून गेले. चावल्यानंतर कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. तो तोवर धडधाकट राहिला, तर मुलाच्या डॉक्टरांना तसे कळवावे आणि उरलेल्या लसींचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा, स्वतः घेऊ नये. शिवाय जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली होती का, हे आपण लिहिलेले नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: रुग्णालयात निघण्याआधी हेच करायचे. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावायचे नाही.

सातवा मजला

नाही. पाच मिनिटेही धुतली नसेल, घाईत तशीच रुमालाने बांधली. हे आता कळते आहे.

काल संध्याकाळी आम्ही दोघे पाचव्या मजल्यावर गेलो. मुलाच्या आईने दार अर्धेच उघडले, बिले मात्र घेतली आणि लस कोणत्या तारखांना आहे तेही सांगितले. दहावा दिवस शुक्रवारी आहे, त्या दिवशी पुन्हा जाऊ. समितीला पत्र दिले. एक्स-रे गुरुवारी ठरला आहे. पहिला मझल लहान निघाला, तो परत पाठवून दुसरा मागवला. आज सकाळी दही लावल्यावर मल्हारने त्यात चार सेकंद नाक ठेवले.