राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करताना जीभ अडखळते, तुम्ही काय करता?

कळवा_खाडीपार

सर्वांना सलाम. ठाण्याच्या आमच्या मंडळीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे असते. आजारी, विधवा, दहावीची मुलं, पाऊसपाणी, सगळं सुरळीत होतं. गाडी अडते ती ‘आमच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे’ इथे. गेल्या खेपेला तर तेवढं वाक्य पुटपुटून मी पुढे सटकले. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, पण त्यांचं आमेन जरा उशिराच आलं.

कारण सांगते. जूनमध्ये आमच्या गल्लीत पाइपासाठी चर खणला आणि वर नुसती माती लोटली. पहिल्याच पावसात ती खचली नि सासूबाईंचा पाय आत गेला. घोट्याला सहा आठवडे प्लास्टर. तक्रार घेऊन मी चार चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब साइटवर, दुसऱ्यांदा ‘हे आमचं टेबल नाही’, तिसऱ्यांदा पोच मागितली तर शिक्का सापडेना. चौथ्यांदा सापडला. ती पोच माझ्या पवित्र शास्त्रात आहे, तीही १ तीमथ्याच्या, म्हणजे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या, पानात. मुद्दाम नाही, हाताला आलं ते पान.

तिथेच दुसऱ्या अध्यायात पौल राजे आणि अधिकारी यांच्यासाठी चार गोष्टी करायला सांगतो: विनंत्या, प्रार्थना, रदबदली, उपकारस्तुती. पहिल्या दोन ठीक. पण रदबदली? ती आपण चुकलेल्या माणसासाठी करतो, वरच्याकडे जाऊन ‘एवढी वेळ सांभाळून घ्या’ म्हणतो. म्हणजे चर उघडा टाकणाऱ्याची वकिली मी करायची? आणि उपकारस्तुती कशाची, शिक्का सापडल्याची? चेष्टा नाही करत. तुम्ही मोठ्याने नेमकं काय म्हणता?

ऐरोलीकर

ताई, रोम १३ (पौलाचं रोमकरांना पत्र, ‘अधिकाऱ्यांच्या अधीन राहा’) दाखवून गप्प बसवणारे पुष्कळ भेटतील. त्यांना प्रेषितांची कृत्ये ५:२९ वाचायला द्या: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. मला स्वतःला जुन्या करारातला नहेम्या आवडतो, परक्या राजाच्या चाकरीतला, यरुशलेम पुन्हा बांधायची तळमळ असलेला. दुसऱ्या अध्यायात राजा विचारतो, तुला काय हवं? हा मनात प्रार्थना करतो आणि लगेच मागण्या मांडतो: जायची परवानगी, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं, राजाच्या वनातलं लाकूड. प्रार्थना आणि अर्ज एकाच श्वासात. तुमच्या चार चकराही त्यातच धरा.

बाकी आमच्याकडे नवी मुंबईत मे २०२० मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे कितीतरी वर्षं प्रशासकच होता. तरी मंडळीतले एक आजोबा दर रविवारी ‘आमच्या नगरसेवकांना आशीर्वाद दे’ म्हणत राहिले. कोणी अडवलं नाही.

वसईचा_नेरूळात

आम्हा कॅथलिकांना शब्द ठरवून दिलेले, त्यामुळे ही अडचणच येत नाही. गुड फ्रायडेला दहा विनंत्या असतात. नववी सत्तेवर असलेल्यांसाठी आणि तिच्या पाठोपाठ दहावी संकटात सापडलेल्यांसाठी. आमच्या गावी प्रत्येक विनंतीला गुडघे टेकून गप्प राहायचं आणि मग उठायचं. नवव्या खेपेपर्यंत गुडघे इतके ठणकतात की कोणावर राग धरायला अंगात जोर राहत नाही.

आवक_जावक

ताई, मी खिडकीच्या आतला माणूस. ३१ वर्षं सरकारी नोकरी, त्यातली अकरा आवक-जावकच्या टेबलावर. शिक्का खरंच हरवतो. आणि कधीकधी ड्रॉवरमध्ये असतानाही हरवतो. दोन्ही मी केलंय.

रविवारी मीही बाकावर बसून ‘सुबुद्धी दे’ला आमेन म्हणायचो. मनात यायचं, हे मंत्र्यांसाठी चाललंय. कोणी जर म्हटलं असतं, ‘प्रभो, अर्ज घेणाऱ्याला उद्या दुपारी तीननंतर कंटाळा येऊ देऊ नको,’ तर मी चुळबुळलो असतो.

रदबदलीचं म्हणाल तर उत्पत्ती १८ काढा. पापामुळे नाशाच्या वाटेवर असलेल्या सदोम नगरासाठी अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली येतो. पण सदोम चांगलं आहे, असं त्या सगळ्या बोलण्यात एकदाही म्हणत नाही. तुम्हालाही चर बुजवलाय असं म्हणायची गरज नाही.

पौलाने रोमकरांना लिहिलं तेव्हा गादीवर नीरो होता, पुढे ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमन सम्राट. आणि लांब कशाला जायचं, ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचा समर्पणविधी बिशप हेबर यांनी १८२५ साली केला, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर चौथा जॉर्ज होता, खादाड आणि उधळा म्हणून नाव काढलेला. त्याच्यासाठीही अँग्लिकन उपासनेत न चुकता प्रार्थना व्हायची, आणि ती म्हणणाऱ्यांना तो कसा आहे हे चांगलं ठाऊक होतं.

कळवा_खाडीपार

काका, तुमचं ‘तीननंतर’ वाचून मला हसू आलं आणि मग जरा वेळ नाही आलं. माझी तिसरी चकर सव्वातीनची होती.

पुढच्या पाळीसाठी कागदावर लिहून ठेवलंय: ‘प्रभो, रस्ते खणण्याचा हुकूम देणाऱ्यांना ते बुजवल्याचं बघायलाही पाठव. तक्रारीच्या टेबलावर बसणाऱ्याला कंटाळा येऊ देऊ नको. आणि मला पाचव्या चकरेची ताकद दे.’ उपकारस्तुतीची ओळ अजून कोरीच आहे.

सासूबाईंना वाचून दाखवलं. प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, ‘ठेकेदार राहिला.’