पुणे शहराच्या हद्दीवरच्या रस्त्याचा खर्च कोणी करायचा, महापालिकेनं की जिल्हा परिषदेनं?

मांजरीकर
2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत आली, जून 2021 मध्ये आणखी 23. जे रस्ते जिल्हा परिषदेच्या वहीत 'ग्रामीण मार्ग' किंवा 'इतर जिल्हा मार्ग' होते, त्यांतले हद्दीतले तुकडे महापालिकेच्या गळ्यात पडले. रस्ता आला, त्याच्यासोबत पैसा आला नाही.

माझं म्हणणं असं की हद्द ओलांडणाऱ्या रस्त्याचा खर्च हद्दीच्या दगडाप्रमाणे वाटू नये. ज्यानं त्या पट्ट्यातून वसूल केलं, त्यानं त्या प्रमाणात द्यावं. फ्लॅटची नोंदणी करताना मुद्रांक शुल्कासोबत 1 टक्का अधिभार आपण भरतो. घर हद्दीत असेल तर तो महापालिकेचा, बाहेर असेल तर जिल्हा परिषदेचा. 23 गावं आत आली तरी नियोजन प्राधिकरण पीएमआरडीएच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) राहिलं, म्हणजे बांधकाम परवानगीचं विकास शुल्क तिकडे आणि रस्ते, ड्रेनेजची मागणी महापालिकेकडे. विकास शुल्क सार्वजनिक सुविधांसाठीच घेतात ना? मग ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या, त्याच रस्त्याला त्यातला वाटा मिळायला हवा.

पेठेतला करदाता
मला हे अजिबात मान्य नाही. आमच्या घरानं तीन पिढ्या मिळकतकर पूर्ण दरानं भरलाय. विलीन झालेल्या गावांना पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर असतो आणि मग टप्प्याटप्प्यानं वाढ. त्याबद्दल तक्रार नाही, नव्या माणसाला सवलत द्यावी. पण हद्दीबाहेरच्या रस्त्यालाही आमचाच पैसा? आज रस्ता खराब झाला तर मी नगरसेवकाच्या दारात जाऊ शकतो. सामाईक खात्यातून झालेल्या रस्त्याबद्दल कोणाला धरायचं? महापालिका म्हणेल जिल्हा परिषदेला विचारा, जिल्हा परिषद म्हणेल पीएमआरडीएला.

निवृत्त उपअभियंता
पेठेतल्या दादांना एकच विचारतो. तुमच्या वाड्याच्या जागी जी इमारत झाली, तिची खडी कुठून आली? वाघोली, लोणीकंदच्या बाजूला खाणी आहेत. ती खडी गावातल्या रस्त्यांवरून शहरात येते.

गावचा रस्ता साधारण 3.75 मीटर रुंद, एका गाडीपुरता. त्याची जाडी धरली जाते ट्रॅक्टर, एसटी, दुधाच्या टेम्पोच्या हिशोबानं. आसावरचं, म्हणजे अ‍ॅक्सलवरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, जवळपास 16 पट होतं. हा रस्तेबांधणीतला जुना ठोकताळा आहे. भरलेला डंपर आणि काँक्रीटचा मिक्सर दिवसभर गेला तर तो रस्ता पावसाळा काढणार कसा? आणि दुरुस्तीला जिल्हा परिषदेकडे काय असतं, तर 3054 आणि 5054 या लेखाशीर्षांतून जिल्हा नियोजनचं जे येईल ते, अख्ख्या जिल्ह्यात वाटायचं. मी नोकरीत असताना हाच हिशोब करत बसायचो. म्हणून माझ्या मते वाटा वसुलीवर नको, वाहतुकीवर हवा. सात दिवस गाड्या मोजा, कुठून आल्या नि कुठे चालल्या ते विचारा, प्रमाण आपोआप निघतं.

पेठेतला करदाता
साहेब, डंपरचं पटलं. पण मग ते खाणवाल्याकडून घ्या. खडीसारख्या गौण खनिजावर स्वामित्वधन (रॉयल्टी) आहे, खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. तो सोडून मिळकतकराकडे का येता?

सॅन होजेहून
इथलं, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं, थोडं सांगते. लॉरेन्स एक्सप्रेसवे सनीवेल, सांता क्लारा आणि सॅन होजे अशा शहरांतून जातो, पण रस्ता सांता क्लारा काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). सिग्नल आणि डागडुजी काउंटीच बघते. गल्लीबोळ ज्या त्या शहराचे. 2016 मध्ये इथे 30 वर्षांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मतदानाला टाकला. त्यातला किती काउंटीच्या एक्सप्रेसवेंना आणि किती शहरांच्या रस्त्यांना, हे आधीच छापलेलं होतं. लोकांनी ते वाचून मत दिलं.

पेठेतला करदाता
ताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. तिथे लोकांना विचारलं. इथे मार्च 2022 पासून कित्येक वर्षं महापालिका आणि जिल्हा परिषद, दोन्हींवर प्रशासक होते. त्या काळात असा वाटा ठरला असता तर तो कोणाच्या संमतीनं?

मांजरीकर
हा आक्षेप खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. पण त्यासाठी नवी यंत्रणा नको. राज्यघटनेच्या कलम 243 झेडडीमध्ये जिल्हा नियोजन समिती आहे. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि जिल्ह्यातल्या नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत, आणि शहर-गावांच्या सामाईक गोष्टी, पायाभूत सुविधांसकट, हे तिचं कामच आहे. टेबल मांडलेलं आहे. त्यावर हद्दीवरचे रस्ते ठेवा एवढंच म्हणतोय.

हवेली पूर्व
मी हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे. आमची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहिते. रस्ता आम्हालाही हवा, पोरं त्याच रस्त्यानं कॉलेजला जातात. पण महापालिकेचा पैसा गावात आला की पाठोपाठ विलीनीकरणाचा प्रस्ताव येणार, ही भीती घराघरात आहे. कर वाढणार, ग्रामपंचायत जाणार. त्यामुळे अर्ध्या गावाला खड्डे परवडतात, वाटा नको.

मांजरीकर
ताई, फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 ला आत आली, पुढे बाहेर पडली, आता त्यांची वेगळी नगरपरिषद आहे. एवढ्यात हद्द दोनदा हलली आणि रस्ता होता तिथेच राहिला. म्हणूनच वाटा हद्दीला बांधू नका म्हणतो. करारात रस्त्याचं नाव, लांबी आणि कोण किती देणार एवढंच असावं, विलीनीकरणाचा शब्दही नको.

हवेली पूर्व
तसं लेखी असेल तर ग्रामसभेत ठेवायला मी तयार आहे. मंजूर होईलच असं नाही सांगत.

पेठेतला करदाता
लेखी असेल तर बांधणीपुरता माझाही विरोध कमी होतो. पण ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे त्यानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायची मुदत, संपल्यावर पडलेला खड्डा कोण बुजवणार? बांधायला पैसे सगळे देतात, फीत कापायला सगळे येतात. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचा वाटा आधी लिहा, मग बाकीचं बोलू.

निवृत्त उपअभियंता
हे कलम मी पहिलं घातलं असतं.