ईजीआर व्हॉल्व्ह बदलावा की पत्रा टाकून बंद करावा?

मूळ मांडणी

माझा ट्रक २०१७ सालचा, बीएस-४ (प्रदूषणाच्या भारत स्टेज ४ मानकाचा) आहे. गेल्या महिन्यात भिवंडीहून माल भरून नाशिककडे जाताना कसारा घाटात गाडीची ओढ एकदम गेली, मागे काळा धूर आणि समोर चेक लाइट. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडला तेव्हा आत डांबरासारखा चिकट थर साचून झडप अर्धी उघडीच अडकलेली दिसली. मिस्त्रींनी पत्रा टाकण्याचा, म्हणजे धुराची ही वाट पत्र्याने कायमची बंद करण्याचा, सल्ला दिला. मी मात्र नवा व्हॉल्व्ह बसवला. या व्हॉल्व्हमुळे इंजिनातून निघालेला काही धूर कूलरमधून थंड होऊन पुन्हा सिलिंडरमध्ये जातो, म्हणून ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. ही सोय गाडीबरोबर आली आहे. ती बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (विरोधी मत)

माझ्याकडे दोन गाड्या आहेत. एकीचा व्हॉल्व्ह दोन वर्षांत दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा गाडी आठवडाभर उभी राहिली. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. शेवटी पत्रा टाकला. तेव्हापासून ओढ सुधारली, धूर कमी झाला आणि पीयूसी पहिल्याच तपासणीत मिळाले. मग प्रदूषण वाढले, हे कशावरून म्हणायचे?

मूळ लेखकाचे उत्तर

डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात. बीएस-४ साठी त्याची मर्यादा दर मीटरला १.६२ आहे. पत्रा टाकल्यावर सिलिंडरला प्राणवायू जास्त मिळतो, म्हणून काजळी घटते, पण तापमान चढल्यामुळे न दिसणारी नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात आणि ती त्या यंत्रावर उमटतच नाहीत. गोदामांपुढे चालू इंजिनांच्या रांगेत दिवसभर पोती उचलणारा हमाल तीच हवा छातीत घेतो. ओढीबद्दल म्हणाल, तर घाटात इंजिनावर पूर्ण भार असताना ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) हा व्हॉल्व्ह बराचसा बंदच ठेवतो. ओढ खातो तो अडकलेला व्हॉल्व्ह. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रतिसाद २

वीस वर्षे गॅरेज चालवतो. दोन वर्षांत दोनदा व्हॉल्व्ह जाम होत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. थेंब गाळणारा इंजेक्टर, तेल सोडणारा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग), तुंबलेला ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट) किंवा एअर फिल्टर तपासल्याशिवाय नवा व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. नुसती काजळी असेल तर आधी साफ करून पाहावे. दांडी सैल झाली असेल, मोटर जळली असेल किंवा सेन्सर चुकीचे वाचन देत असेल, तरच बदलावा. इंजिन थंड झाल्यावर कूलंट काढावे, दोन्ही बैठका स्वच्छ करून पॅकिंग नवेच घालावे आणि शेवटी स्कॅनरवरून ईसीएमला झडपेची बंद स्थिती पुन्हा शिकवावी. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि मग दोष नव्या व्हॉल्व्हवर येतो. कूलंट सारखे घटत असेल तर कूलरही दाब देऊन तपासावा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

माझ्या गाडीला स्कॅनर दोन्ही वेळा लावला नव्हता, हे मान्य करतो. टर्बोचा पाइप या रविवारी उघडतो. आत तेल दिसले तर आधी टर्बोचे काम करीन. पण गाडी आठवडाभर उभी न राहता व्हॉल्व्ह मिळणार असेल, तरच पत्रा काढीन.