मदत हवी आहे : जुनी डिझेल पिकअप रात्रीत एअर घेते

मंडळी नमस्कार. रत्नागिरीजवळ राहतो. वडिलांची 2003 ची पिकअप घरीच दुरुस्त करतोय. जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल पंप, सेन्सर वगैरे भानगड नाही, म्हणूनच हात घालायची हिंमत केली.

रात्रभर उभी राहिली की सकाळी नुसता सेल्फ फिरतो, गाडी काही घेत नाही. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हातपंप (टाकीतून डिझेल ओढायचा) मारला, की आधी फसफसून फेस येतो, मग बुडबुडे कमी होत स्वच्छ डिझेल येतं. स्क्रू आवळला की गाडी पहिल्या सेल्फला चालू, आणि दिवसभर तक्रार नाही. म्हणजे उभी असतानाच डिझेलच्या लाइनमध्ये कुठूनतरी हवा शिरतेय. खाली डिझेलचा थेंब दिसत नाही, त्यामुळे शोधायचं कुठे तेच कळेना. फिल्टर आणि तांब्याचे वॉशर नवे टाकलेत.

फिल्टरच्या आधी पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे बघावेत असा विचार आहे. पण हातपंपाचा वॉल्व्हच गळत असेल तर ते त्यात कळेल का? की टाकीपासूनचा पाइप सरळ बदलूनच टाकू? आमच्या खाऱ्या हवेत लोखंडी पाइप क्लिपखाली गुपचूप सडतो, मला जास्त संशय त्याचाच आहे.

हौद्याच्या पत्र्याचं वेल्डिंगही करायचंय, पण ते नंतर. आंब्याच्या पेट्या सुरू व्हायच्या आत गाडी धावती करायचीय. कोणी हे निस्तरलं असेल तर आधी काय तपासलंत ते सांगा.